नव्या माणसाला पहिलं उत्तर कोणी द्यायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका ऑनलाइन ग्रुपचा मी ॲडमिन आहे. सुरुवातीला आम्ही मोजके होतो, सगळे एकमेकांना ओळखून होतो. आता ग्रुप चांगलाच वाढलाय. रोज नवी माणसं येतात आणि आल्या आल्या तेच ते प्रश्न विचारतात. ‘कोणती दुर्बीण घेऊ?’ ‘काल रात्री आकाशात दिव्यांची माळ सरकताना दिसली, ते काय होतं?’ या सगळ्याची उत्तरं आम्ही मेहनतीने लिहून पिन करून ठेवलीत, पण वाचतो कोण? परवा एका नव्या मुलाने दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेला फोटो टाकला. प्रकाशाची गोल चकती आणि तिच्या मधोमध काळं भोक. खाली लिहिलं होतं, ‘हे काय असेल? कृष्णविवर तर नाही ना?’ जुन्या मंडळींनी त्याची भरपूर टर उडवली. थोड्या वेळात त्याने पोस्ट काढली आणि ग्रुपही सोडला. मला वाईट वाटलं, पण जुन्यांनाही दोष देववत नाही. हीच माणसं वर्षानुवर्षं स्वतःचा वेळ घालवून उत्तरं देत आलीत. त्यातले काही जण ‘ग्रुपची पातळी घसरली’ म्हणत बाहेर पडायच्या बेतात आहेत. नव्यांसाठी नियम कडक करावेत का? – एक ॲडमिन

उत्तर : आधी त्या फोटोबद्दल बोलू. तुमच्या जुन्या मंडळींना तो बघताक्षणी उमगला असणार. आरशाच्या दुर्बिणीत फोकस जुळलेला नसला की ताऱ्याचं टिंब पसरून त्याची चकती होते, आणि नळीच्या तोंडाशी जो छोटा तिरपा आरसा असतो त्याची सावली चकतीच्या मधे पडते. तेच ते काळं भोक. ‘फोकसचं चाक ज्या बाजूला फिरवल्यावर चकती लहान होते त्या बाजूला सावकाश फिरवा, भोक मिटेल आणि शेवटी टिंब उरेल, तो तारा.’ एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं.

पण त्या फोटोत आणखीही बरंच होतं. त्या मुलाने तारा दुर्बिणीच्या टप्प्यात आणला होता. पृथ्वी फिरते म्हणून तारा सारखा बाजूला सरकत राहतो आणि दुर्बीण त्याच्यामागे हलवत ठेवावी लागते. हे त्याला जमलं होतं. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, इवल्याशा छिद्रावर मोबाइलचा कॅमेरा धरून बघा म्हणजे कळेल, हात जरा हलला की सगळा पडदा काळा होतो. तेही त्याने साधलं होतं. शिवाय भोक चकतीच्या मधोमध होतं, याचा अर्थ दुर्बिणीतले आरसे बऱ्यापैकी जुळलेले होते. मुरलेले निरीक्षक आरसे नीट बसलेत का हे बघायला मुद्दाम तारा फोकसबाहेर नेऊन हीच चकती तपासतात. एवढं सगळं बरोबर केलेला मुलगा तुमच्या दारात आला, एका चाकाची माहिती नव्हती म्हणून तुम्ही त्याला घालवलंत. हा ग्रुपचा तोटा आहे. मला त्या मुलाबद्दल वाईट वाटतंच, पण तुमच्या ग्रुपबद्दल जास्त वाटतं.

मी अनेक वर्षं वेगवेगळ्या छंदांचे ऑनलाइन ग्रुप सांभाळत आले आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय की नव्या माणसाची पहिली पोस्ट हा त्याच्या तिथल्या वास्तव्यातला सगळ्यात नाजूक क्षण असतो. बहुतेक जण आल्या आल्या बोलत नाहीत. आधी गुपचूप वाचतात, कोण कसं बोलतं ते बघतात, चारदा लिहून खोडतात आणि मग धीर करून विचारतात. त्या प्रश्नाला काय उत्तर येतं यावरून त्यांना दुर्बिणीबद्दल थोडंफार कळतं, पण इथे विचारलेलं चालतं की नाही हे पुरतं कळतं. आणि हे एकट्या त्याला कळत नाही. तुमच्या सदस्यांत कधीच न लिहिणारे, नुसते वाचणारे किती असतील बघा. कुठल्याही ग्रुपमध्ये त्यांचीच संख्या मोठी असते. त्या मुलाची टर उडताना त्या सगळ्यांनी पाहिली आणि मनातला प्रश्न मनातच ठेवला.

आता जुन्या मंडळींकडे वळते, कारण तुमच्या पत्रातला खरा सल तिथे आहे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की माणूस वैतागतो, यात गैर काही नाही. पण विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो. आधी कितीदा विचारून झालंय हे ओझं तुमचं आहे आणि त्याची सोयही तुम्हीच लावायला हवी. माझा सल्ला सरळ आहे. ज्यांना कंटाळा आलाय त्यांना नव्यांच्या प्रश्नांना उत्तर न देण्याची उघड मुभा द्या. ‘जमत नसेल तर सोडून द्या, दुसरं कोणी देईल’ असं त्यांना स्पष्ट सांगा. कितीतरी जुने सदस्य कर्तव्य म्हणून उत्तर द्यायला जातात आणि ते कर्तव्य करता करता चिडतात. गप्प बसायची परवानगी मिळाली की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

मग उत्तर देणार कोण? जे काही महिन्यांपूर्वी आले तेच. हे मी पुन्हा पुन्हा सांगत आले आहे, कारण याचा गुण हमखास येतो. जो नुकताच फोकस जुळवायला शिकलाय त्याला आपण कुठे अडलो होतो हे लख्ख आठवत असतं. तुमच्या मुरलेल्या निरीक्षकाला ते आता आठवणारही नाही, तो थेट आरशांच्या जुळणीवर व्याख्यान सुरू करेल. शिवाय उत्तर देणाऱ्यालाही आपण या ग्रुपच्या कामाला आलो याचा आनंद असतो आणि तो टिकून राहतो. असे चार-पाच जण हेरा, त्यांना खासगीत विचारा, आणि आठवड्याची पाळी लावा. त्यांचं उत्तर चुकलं तर दुरुस्त करायला जुने आहेतच, आणि ती दुरुस्ती त्यांना जाचणार नाही, उलट आवडेल. जाणकार माणसाला जाणकारीचं काम द्यावं.

‘पातळी घसरली’ या तक्रारीत तथ्य असू शकतं, ती उडवून लावू नका. इंटरनेटच्या इतिहासात याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. 1980 मध्ये यूजनेट नावाचं चर्चांचं जाळं सुरू झालं आणि ते मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांतून वापरलं जायचं. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी दाखल होत आणि यूजनेटवर थडकत. काही आठवडे गोंधळ चाले, जुने लोक त्यांना रीतभात शिकवत, आणि पुढे सगळं स्थिरस्थावर होई. 1993-94 च्या सुमारास ‘अमेरिका ऑनलाइन’सारख्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूजनेट खुलं केलं आणि नव्यांचा लोंढा बारमाही झाला. वैतागलेल्या जुन्यांनी त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणायला सुरुवात केली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण दोष नव्यांना देतात. मला तसं वाटत नाही. आधीच्या वर्षांत येणारेही तितकेच अडाणी होते. फरक एवढाच की तेव्हा शिकवणारे हात पुरे पडत होते आणि मधे दम खायला अवधी मिळत होता. म्हणून माझं म्हणणं, दार बंद करू नका, पण एका वेळी किती जणांना आत घ्यायचं हे जरूर ठरवा. प्रवेशाच्या विनंत्या आठवड्यातून एकदाच मंजूर करा. ज्या आठवड्यात घ्याल, त्या आठवड्यात पाळीवर कोण आहे ते बघून घ्या. ग्रहणाच्या किंवा धूमकेतूच्या बातमीने एकदम गर्दी लोटली तर काहींना थांबवलंत तरी चालेल, आत घेऊन वाऱ्यावर सोडण्यापेक्षा ते बरं.

पिन केलेल्या पोस्टचं म्हणाल, तर ती वाचली जात नाही याला बऱ्याचदा ती पोस्टच कारणीभूत असते. ती जाणकाराने जाणकाराच्या क्रमाने लिहिलेली असते. नव्याला आपल्या प्रश्नाचं नावच माहीत नसतं, तर तो तो मुद्दा शोधणार कसा? ‘कृत्रिम उपग्रहांच्या मालिका’ या मथळ्याखाली तुम्ही कितीही सुंदर लिहा, ज्याने माळ पाहिली तो तिथे पोचणार नाही. मथळा त्याच्याच शब्दांत द्या : ‘आकाशात दिव्यांची माळ सरकताना दिसली?’ आणि पहिल्याच ओळीत उत्तर. ते बहुधा स्टारलिंक या उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या सेवेचे उपग्रह असतात, 2019 पासून ते एकेका प्रक्षेपणात डझनावारी सोडले जातात, सुरुवातीचे काही दिवस एकामागोमाग एक दिसतात आणि वर चढत गेले की पांगतात. आणि ‘पिन पोस्ट वाचा’ एवढंच लिहून कोणाला वाटेला लावू नका. आधी एका ओळीत उत्तर, मग दुवा. दोन्ही टाइप करायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो.

‘कोणती दुर्बीण घेऊ?’ हा प्रश्न मात्र तयार उत्तराने भागत नाही, कारण काय बघायचंय, कुठून बघणार आणि ती उचलून नेणार कोण, हे विचारल्याशिवाय सांगता येत नाही. इथे माणूसच लागतो. बऱ्याचदा तर दुर्बीण घेऊन झालेली असते, खोक्यावर ‘पाचशे पट मोठं दिसेल’ असं छापलेलं असतं, आणि आत असतं साठ मिलिमीटरचं भिंग. भिंगाच्या व्यासाचे मिलिमीटर दुप्पट केले की साधारण जेवढी पट येते, त्यापुढे चित्र नुसतं धूसर होत जातं, म्हणजे इथे एकशेवीसच्या आसपास. ‘फसलास’ म्हणण्यात काय मिळतं? त्याला सांगा, कमी पटीचं आयपीस लाव आणि चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांकडे बघ, गुरूचे चार चंद्र बघ, शनीची कडी बघ. हे सगळं त्या साठ मिलिमीटरमधून दिसतं. एकदा कडी दिसली की तो माणूस कायमचा तुमचा.

नियम कडक करू का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ आहे, एक अपवाद सोडून. कोणी सूर्याकडे दुर्बीण लावायचं बोलला तर तिथे पाळी, नवखेपण, सौजन्य कशाचीही वाट बघू नका. जो आधी वाचेल त्याने ताबडतोब, ठळक अक्षरांत लिहायचं : दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर सूर्यासाठीचा खात्रीचा फिल्टर नसेल तर डोळा लावू नका, दृष्टी कायमची जाऊ शकते. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये बसवायचा छोटा काळा फिल्टर येतो, तो उष्णतेने तडकू शकतो, तो वापरूच नका. नव्याशी गोड बोलायचं म्हणून त्याला गुळमुळीत सांगायचं असा अर्थ कोणी घेऊ नये.

राहिले टर उडवणारे. त्यांना सगळ्यांसमोर झापू नका, नाहीतर उद्या तेही त्या मुलासारखेच निघून जातील. एकेकाला खासगीत फोन करा. ‘तुझं ज्ञान इथे सगळ्यात जास्त आहे, आणि लोक तुझ्याकडे बघून बोलायला शिकतात’ असं म्हणा, कारण ते खरंच आहे. आणि त्या मुलाला आजच्या आज शोधून निरोप पाठवा. लांबलचक माफीनामा नको, त्याने तो आणखी अवघडेल. त्याच्या फोटोत काय दिसतंय, त्याने काय काय बरोबर केलंय आणि चकती लहान होत जाईल त्या बाजूला चाक फिरवायचं, ते लिहा. येईल न येईल, तो त्याचा प्रश्न. पण निदान त्याला तारा तरी दिसेल.

प्रश्न : ताई, मी उलट्या बाजूने लिहिते आहे. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतर प्रकल्पात मी हौसेने सामील झाले. पहिल्याच आठवड्यात रात्री जागून बरीच वाक्यं भाषांतरित केली. सकाळी पाहते तर सगळी एका झटक्यात परत पाठवलेली, सोबत ठरावीक छापाचा संदेश : ‘नियमावली पाहा.’ नियमावली मैलभर लांब. माझं काय चुकलं हे अजून कळलेलं नाही. सोडून द्यावं असं वाटतंय. – एक हौशी भाषांतरकार

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला राग आला, तुमचा नव्हे. रात्र जागून केलेल्या कामाला कारणाचं एक वाक्य मिळायला हवं होतं.

तरी पलीकडे काय चाललं असेल तेही सांगते, कारण त्यातूनच वाट निघेल. असे प्रकल्प तपासणारे लोकही हौशीच असतात, ढिगाने काम पुढ्यात पडलेलं असतं, आणि एका बटणात सगळं परत पाठवायची सोय हाताशी असते. विकिपीडियाच्या बाबतीत या गोष्टीचा नीट अभ्यास झालेला आहे. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या 2007 मध्ये शिखरावर होती, नंतर ती घटत गेली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की नासधूस करणाऱ्यांना आवरण्यासाठी जी झटपट साधनं आणि छापील इशारे आले, त्यांत प्रामाणिक नवखेही भरडले गेले. हेतू चांगला असूनही त्यांची पहिलीवहिली भर उलटवली जाई आणि ते पुन्हा फिरकत नसत. ‘नवागतांना चावू नका’ असं मार्गदर्शक तत्त्व तिथे लिहिलेलं होतंच, पण बटण दाबताना कोण तत्त्व वाचतं? 2012 मध्ये तिथे नव्यांसाठी ‘टीहाउस’ नावाची जागा सुरू झाली. तिथे अनुभवी लोक नव्यांच्या प्रश्नांना साध्या भाषेत, नावानिशी उत्तरं देतात. तिथलं आमंत्रण मिळालेले नवे लोक न मिळालेल्यांपेक्षा जास्त टिकतात, असंही पुढे अभ्यासात आढळलं. उपाय साधाच होता, छापील संदेशाच्या जागी माणूस आला.

तुम्ही आता तो माणूस शोधा. सगळी नियमावली वाचायच्या भानगडीत पडू नका. परत आलेल्यांपैकी एकच वाक्य निवडा आणि ज्याने तपासलं त्यालाच विचारा, ‘या वाक्यात नेमकं काय बदलायला हवं होतं?’ एकाच वाक्याबद्दल विचारलं की उत्तर द्यायला सोपं जातं, म्हणून ते बहुधा येतं. माझा अंदाज सांगू? मूळ वाक्यात मधेमधे काही खुणा असतात, जिथे सॉफ्टवेअर चालताना फाईलचं नाव किंवा आकडा येऊन बसतो. नवे भाषांतरकार त्या खुणांचंही भाषांतर करतात किंवा निरर्थक समजून गाळतात, आणि मग प्रोग्रॅम अडखळतो. किंवा एकाच बटणाला तुम्ही दोन ठिकाणी दोन नावं दिली असतील. दोन्ही चुका थोडक्या वेळात दुरुस्त होणाऱ्या आहेत, तुमच्या भाषेबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

पुढच्या खेपेला थोडीच वाक्यं द्या, ती मंजूर होईपर्यंत थांबा. आणि विचारूनही पुन्हा तोच छापील संदेश आला, तर खुशाल सोडा. जिथे विचारणाऱ्याला उत्तर नाही तिथे रात्री जागण्याची गरज नाही. हौसेने काम करणाऱ्यांच्या शोधात असलेले इतर प्रकल्प भरपूर आहेत, आणि त्यातले काही नव्यांसाठी सोपी कामं वेगळी खूण करून ठेवतात. तिथे जा.

प्रश्न : ग्रुपमध्ये यायला फी किंवा छोटी परीक्षा ठेवली तर बरी माणसं येतील का?

उत्तर : फीने नको ती माणसं थोपतात हे खरं. ‘मेटाफिल्टर’ या जुन्या अमेरिकी समुदायाने 2004 मध्ये एकदाच भरायची पाच डॉलर फी ठेवली. शिवाय आल्या आल्या मुख्य पानावर पोस्ट करता येत नाही, काही दिवस थांबून आधी इतरांच्या चर्चेत भाग घ्यावा लागतो. जाहिराती चिकटवणारे आणि भांडायला आलेले एवढ्यानेही परत जातात. यातली थांबण्याची अट मला पसंत आहे. फी नाही, कारण ज्या शाळकरी मुलाकडे ऑनलाइन पैसे भरायची सोय नाही तो बाहेर राहतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात जास्त उत्साह त्याच्याकडेच असतो.

परीक्षा तर मुळीच नको. जे शिकायला माणूस येतोय तेच त्याला येतं का हे दारात विचारण्यात अर्थ नाही. एकच प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर चुकू शकत नाही : ‘इथे का यावंसं वाटलं?’ यंत्राने भरलेले अर्ज तिथेच ओळखू येतात. बाकीच्यांनी जे लिहिलं असेल ते पाळीवरच्या सदस्याने वाचायचं, आणि स्वागत करताना त्यातलीच एखादी गोष्ट धरून त्यांना पहिला प्रश्न आपण विचारायचा.